अंधारखोलीचे पाहुणे

घरात तिला मधली म्हणत. थोरली लग्न करून गेली, धाकटा नोकरीला लागला आणि मधली आठ वर्षं एका पालेभाजीला फूल का येत नाही ते बघत बसली. हे वाक्य तिचंच. नातेवाइकांनी तोंड उघडायच्या आत आपणच आपली टिंगल उरकून घ्यावी, हे ती पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी शिकली होती. तरी आत्या सोडायची नाही. दर भेटीत विचारायची, "काय गं, अजून शिकतेसच का?" मधली म्हणायची, "नाही आत्या, माझं शिकून झालं. आता सरांना कधी येतंय त्याची वाट बघतेय." आत्याला ते कळायचं नाही, पण काहीतरी टोचून बोलली एवढं मात्र नक्की कळायचं.

जीभ तिखट आणि नाक त्याहून वर, अशी ही मुलगी. मुलगी कसली, चौतीस वर्षांची बाई. पण पीएचडी होईपर्यंत माणूस विद्यार्थीच असतो, केस पांढरे झाले तरी. वनस्पतिशास्त्र विभागात तिला आदर वाटावा असं माणूस तिला सापडलं नव्हतं, आणि तिने फार शोधलंही नव्हतं. एक प्राध्यापक वीस वर्षं एकाच वहीतून शिकवत होते. वहीची चार पानं फाटून गेली तेव्हा तो धडाच त्यांनी शिकवायचा बंद केला. विभागप्रमुख बाई दर बैठकीत 'संशोधनाची उंची' असा शब्द वापरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाला हात लावायचा झाला की रुमाल शोधायच्या. मधली हे सगळं बघायची, मनातल्या मनात प्रत्येकाची सालं काढायची, आणि त्या जोरावर पुढचा दिवस ढकलायची. आपण या लोकांसारखे नाही, एवढी एक गोष्ट तिच्यापाशी होती. पगार नव्हता, पदवी नव्हती, पण हे होतं.

सगळ्यांत जास्त सालं अर्थातच सरांची निघायची. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. रंगवलेले केस, घोगरा भरदार आवाज, आणि आयुष्यात लागलेला एकच शोध. तो शोध म्हणजे 'वाण क्रमांक सात'. ही एक वेलीची पालेभाजी. रात्री मोठ्या होऊ लागल्या की ती फुलावर जाते, पानं निबर होतात आणि भाजी खाण्यालायक राहत नाही. बारा वर्षांपूर्वी सरांच्या खोलीतल्या काही कुंड्यांत वेलींना फूलच आलं नाही. सरांनी त्यांच्या फांद्या छाटून नव्या कुंड्यांत लावल्या, त्यांनाही आलं नाही. मग सरांनी जाहीर केलं की निसर्गाने हा वाण खास घडवला आहे, रात्र कितीही मोठी असो, हा फुलत नाही. वर्तमानपत्रात फोटो आला. तो कापून, चौकटीत घालून सरांनी खुर्चीमागे लावला, आणि तेव्हापासून ते त्या फोटोसारखंच तोंड करून बसायला लागले.

असं का होतं, हे शोधून काढणं हा मधलीचा प्रबंध.

वेलींना रात्र मोठी द्यायची तर खोली अंधारी हवी. त्यासाठी विभागात दोन अंधारखोल्या होत्या. तिथलं घड्याळ उलटं चालायचं. रात्री दहाला दिवे आपोआप लागायचे, सकाळी आठला आपोआप विझायचे, आणि मग रात्री दहापर्यंत मिट्ट काळोख. आपला दिवस ती झाडांची रात्र, म्हणजे माणसांना जागावं लागत नाही. मोठी खोली सरांच्या केबिनला लागून होती. तिथे वाण क्रमांक सात. छोटी व्हरांड्याच्या टोकाला, स्वच्छतागृहाच्या भिंतीला चिकटून. तिथे साधा वाण, तुलनेसाठी. साधा वाण बिचारा दर वेळी पंधरा-वीस दिवसांत कळ्या धरायचा. सातवा धरायचा नाही. मधली दोन्ही खोल्यांत फिकट हिरवा दिवा घेऊन जायची, कारण तेवढा हिरवा उजेड झाडं फारशी मनावर घेत नाहीत. आठ वर्षं ती त्या हिरव्या उजेडात चाचपडत पानं मोजत होती. दोनदा कपाळावर टेंगूळ आलं, एकदा पायावर कुंडी पडली, पण पांढरा दिवा तिने कधी लावला नाही.

का लावायचा नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. अशा झाडांना सलग रात्र लागते. मध्येच दोन मिनिटं लख्ख उजेड पडला की झाडाच्या हिशेबी त्या एका मोठ्या रात्रीच्या दोन छोट्या रात्री होतात, आणि मग ते फुलत नाही. हा धडा सर स्वतः शिकवत. म्हणजे वेळापत्रकात सरांचं नाव असायचं; दुपारी तीनचा तो तास घ्यायला जायची मधली. सर म्हणायचे, "जा गं, तेवढा तास घेऊन ये, माझ्याकडे पाहुणे येताहेत." पाहुणे कायमच येत असत. बाहेरचे प्राध्यापक, अधिकारी, बियाणं विकणारे, एकदा तर सरांच्या साडूचे शेजारी.

एका दुपारी ती तासाला गेली तर वर्ग रिकामा. पोरं क्रीडास्पर्धेला पळाली होती. ती परत आली, तर मोठ्या अंधारखोलीच्या दाराखालून व्हरांड्यात पांढरा पट्टा पडलेला. तिला वाटलं, घड्याळ बिघडलं. तिने धावत जाऊन दार उघडलं.

आत दिव्याच्या चारही नळ्या लखलखत होत्या. मधोमध सर, भोवती तीन पाहुणे. सर एक वेल हातात धरून घोगऱ्या आवाजात सांगत होते, "आणि बघा, पूर्ण अंधारात ठेवूनसुद्धा एक कळी नाही!"

पाहुणे वाहवा म्हणाले. त्यातल्या एकाने वर नळीकडे पाहून डोळे किलकिले केले. मधलीला आधी हसू आलं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच मेलं. फूल का येत नाही याचं उत्तर भिंतीवर, दाराच्या डाव्या हाताला, बटणाच्या रूपात होतं. आठ वर्षं.

ती तडक मामांकडे गेली. मामा म्हणजे विभागाचे शिपाई; कुंड्यांना पाणी घालण्यापासून बाईंची छत्री शोधण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे.

"मामा, सर त्या खोलीत पांढरा दिवा लावतात?"

"लावतात की. रोज लावतात. पाहुणे नसले तरी जेवण झालं की, तुम्ही डबा खायला गेलेल्या असता तेव्हा, एक चक्कर असतेच. पाचेक मिनिटं वेली बघतात, खूश होऊन बाहेर येतात."

"आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"मला कोणी विचारलं?" मामा म्हणाले. "दारावर 'दिवा लावू नये' अशी पाटी आहे, ती सरांनीच माझ्याकडून ठोकून घेतली. मला वाटलं, ती आपल्यासाठी आहे."

मधलीने कपाळावर हात मारला. मग तिला चौथी तुकडी आठवली.

तीन वर्षांपूर्वी चौथ्या तुकडीतल्या चाळीसच्या चाळीस वेली फुलल्या होत्या. सातव्या वाणाच्या. सरांनी तिला केबिनमध्ये उभं करून झापलं होतं, की तू साध्या वाणाच्या फांद्या यात मिसळल्यास, तुला साधं लेबल लावता येत नाही. ती स्वच्छतागृहात जाऊन रडली होती, आणि मग सगळं वर्ष पुन्हा केलं होतं. आपलीच चूक, असं तिने मान्यही केलं होतं. आता तिने सरांच्या केबिनबाहेरची भेटवही उघडली. सर प्रत्येक पाहुण्याकडून त्यात अभिप्राय लिहून घेत, तारखेसकट. पानं उलटत ती तीन वर्षं मागे गेली. आठवड्याला दोन-तीन नोंदी, आठवड्याला दोन-तीन नोंदी, आणि मग सहा आठवडे कोरे. त्या सहा आठवड्यांत सरांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. सर खाटेवर पडले होते, खोलीत कोणी गेलं नव्हतं, आणि वेली सुखाने फुलल्या होत्या.

त्या वहीत आणखीही एक गंमत होती. विभागाच्या प्रबंध-समितीतल्या प्रत्येकाची सही तिथे होती. विभागप्रमुख बाईंची तर चार वेळा. 'विभागाचा मानबिंदू', असं त्यांनी लिहिलं होतं, दोनदा तर तारखेपुरता फरक करून तेच्या तेच.

प्रबंध द्यायला दहा आठवडे उरले होते. तीन मुदतवाढी संपल्या होत्या, चौथी मिळत नाही. दहा आठवड्यांत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आठ वर्षं पाण्यात. शहाण्या माणसाने वही मिटून गप्प बसावं अशी ती वेळ होती. मधली शहाणी नव्हती, किंवा तेव्हा तरी नव्हती. तिने एका सकाळी मामांच्या मदतीने कुंड्यांची अदलाबदल केली. सातवा वाण छोट्या खोलीत, साधा मोठ्या खोलीत. पाट्या मात्र जिथल्या तिथे ठेवल्या.

पुढचे पाच आठवडे तिच्या आयुष्यातले सर्वांत मजेचे गेले. सर रोज जेवून ढेकर देत मोठ्या खोलीत जायचे, दिवा लावायचे आणि साध्या वाणाकडे बापाच्या मायेने बघायचे. बाजारात कोणीही देईल अशी ती वेल. एका पाहुण्याला तर ते म्हणाले, "याच्या पानाची चमकच वेगळी. जाणकाराला लांबून ओळखू येते." मधलीला खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळावं लागलं. साध्या वाणाला एक कळी आली नाही. तिकडे स्वच्छतागृहाच्या भिंतीमागे, जिथे कोणी पाहुणा नाकाला रुमाल लावल्याशिवाय गेला नसता, सातवा वाण विसाव्या दिवशी फुलला. पांढरी-गुलाबी, ज्वारीच्या दाण्याएवढी फुलं. सातवा वाण म्हणून काही नव्हतंच. होती ती एक साधी भाजी, जिला सर झोपू देत नव्हते.

सगळं दोन पानांवर मांडून ती सरांसमोर बसली. सरांनी पानं वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढला, पुसला, घातला. तिला वाटलं, आता हा माणूस कोसळेल. बारा वर्षांचा शोध होता. क्षणभर तिला चक्क दया आली.

"तू माझ्या खोलीतल्या कुंड्या हलवल्यास?" सर म्हणाले.

"सर, पण निकाल बघा ना."

"परवानगी कोणाची घेतलीस?"

"सर, तुम्ही दिवा लावता. रोज. झाडांच्या भर मध्यरात्री."

"पाच मिनिटांनी काय होतंय!"

वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हे वाक्य बोलले. ज्यांच्या नावावर तो धडा होता, त्यांनी. मधलीला वाटलं, हे लिहून, चौकटीत घालून त्या फोटोशेजारी लावावं.

"असला प्रबंध माझ्या सहीने जाणार नाही," सर म्हणाले. "तू दमली आहेस. घरी जा, झोप. आणि ती चौथी तुकडी पुन्हा उकरून काढू नकोस."

ती विभागप्रमुख बाईंकडे गेली. भेटवहीच घेऊन गेली. बाईंनी स्वतःच्या चार सह्या बघितल्या आणि वही अशी मिटली, की जणू आत झुरळ निघालं. मग त्या फार प्रेमाने बोलल्या. प्रेमाने बोलल्या म्हणजे धोका, हे विभागात सगळ्यांना माहीत होतं.

"तुझं म्हणणं खरं असेलही," बाई म्हणाल्या. "पण दिवस किती राहिलेत तुझे?"

"चौतीस."

"आणि मार्गदर्शक बदलायला किती लागतात?"

"सहा महिने."

"मग? हे बघ बाळा, मला तू मुलीसारखी. तू खरं बोललीस तर काय होईल? सरांना दोन वर्षांत निवृत्ती आहे, त्यांचं काही बिघडत नाही. आम्हा सगळ्यांची शोभा होईल, ती महिनाभर. तुझं मात्र कायमचं. त्यापेक्षा चौथी तुकडी आणि हे नवं काढून टाक, बाकीच्या सहा तुकड्या आहेत, त्या खऱ्याच आहेत ना? आधी डॉक्टर हो. मग काय ते खरं सांग. डॉक्टर झालेल्या माणसाचं लोक ऐकतात."

मधलीने मनात बाईंची यथेच्छ सालं काढली. ढोंगी, भित्री, पदराला गाठ मारून खुर्चीला चिकटलेली. पण घरी जाताना एक वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. बाकीच्या सहा तुकड्या खऱ्याच आहेत. त्यात तिने एकही आकडा खोटा लिहिलेला नव्हता. फूल आलं नव्हतं, म्हणून आलं नाही असं लिहिलं होतं.

घरी बाबा इस्त्री करत होते. वीज कंपनीत मीटर वाचण्याचं काम करून निवृत्त झालेला माणूस. चाळीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे लिहून घेतले, आणि एकही आकडा अंदाजाने लिहिला नाही, याचा त्यांना भारी अभिमान. ते म्हणाले, "तुझ्या तोंडी परीक्षेला आम्हाला येऊ देतात म्हणे. हाच शर्ट घालीन, चालेल ना?" परीक्षेची तारीखही ठरलेली नव्हती. आई शिलाई मशीनवरून म्हणाली, "महिनाभर हेच चाललंय. रोज तोच शर्ट इस्त्री."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने संगणकावर चौथी तुकडी काढून टाकली. अडीच पानं होती. नवे निकाल काढले. मग तुकड्यांचे क्रमांक नीट लावले, पाचवीची चौथी, सहावीची पाचवी, म्हणजे मध्ये दात पडल्यासारखी फट दिसायला नको. हे बाईंनी सांगितलं नव्हतं, सरांनीही नाही. ते तिला स्वतःलाच सुचलं, आणि इतक्या चटकन सुचलं की तिला आपलीच किळस आली. सरांनी न वाचता सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. हडकुळे, म्हातारे गृहस्थ, बाहीला शाईचा डाग. त्यांच्या हातातल्या प्रबंधाच्या प्रतीत कागदाच्या चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या. मधलीने त्या बघितल्या. या माणसाने प्रबंध वाचला होता. आठ वर्षांत तिला भेटलेला हा पहिलाच माणूस, ज्याची सालं काढायला जागा नव्हती.

तासभर त्यांनी साधेसुधे प्रश्न विचारले. सर मधूनमधून मान डोलावत होते. मागच्या रांगेत बाबा, कडक इस्त्रीच्या शर्टात, ताठ. मग परीक्षकांनी शेवटची चिठ्ठी काढली.

"एक शंका आहे," ते म्हणाले. "दोन वाण दोन वेगळ्या खोल्यांत ठेवलेत. हे मला थोडं खटकलं. म्हणून विचारतो. या आठ वर्षांत सातव्या वाणाच्या एखाद्या झाडाला कधी फूल आलं का? एकदा तरी?"

सर टेबलावरच्या पेनकडे बघत होते. बाई घड्याळाकडे.

"आलं असेल तर सांगा," परीक्षक हळू आवाजात म्हणाले. "घाबरू नका. फूल आलं म्हणून काम वाया जात नाही. उलट तिथूनच सुरू होतं. वेळ लागेल, पण मी मदत करीन."

दार इतकं सताड उघडून कोणी कोणाला देत नाही. मधलीच्या डोळ्यांसमोर ती ज्वारीएवढी फुलं आली. मग आत्याचा चेहरा आला, मुदतीचा कागद आला, आणखी किती वर्षं हा आकडा आला. आठ वर्षं ती ज्यांना हसली त्यांच्यातल्या कोणीही या जागी काय केलं असतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"नाही सर," ती म्हणाली.

"एकदाही?"

"एकदाही नाही."

परीक्षकांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग चिठ्ठी घडी करून खिशात टाकली, प्रबंध मिटला आणि म्हणाले, "अभिनंदन." टाळ्या वाजल्या. सरांच्या सर्वांत मोठ्या. बाईंनी तिला मिठी मारली, आणि तीही बाईंना बिलगली. दोघींत आता फरक तो काय राहिला होता. सर पाहुण्यांना मोठ्या खोलीकडे घेऊन गेले. परीक्षक गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले.

बाबा व्हरांड्यात थांबले होते. डोळे पुसून झालेले होते. तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "मला एक अक्षर कळलं नाही, पण झकास बोललीस. शेवटी जरा अडखळलीस का? काय विचारत होता तो म्हातारा?"

"त्या वेलीला कधी फूल येतं का, म्हणून."

"मग?"

"येत नाही म्हटलं."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "आठ वर्षं तू स्वतः बघतेयस. तुझ्याहून जास्त कोणाला माहीत असणार?"